मान सोडा, काका

माझं पोहणं विहिरीतलं. आमच्या वाडीत पोरांच्या पाठीला दोन सुके नारळ बांधायचे, कमरेला दोरी लावायची आणि विहिरीत सोडून द्यायचं. पहिला धडा एकच, डोकं पाण्याबाहेर ठेव. पुढे चाळीस वर्षं मी तसाच पोहत आलो, मान ताठ, पाय खाली लोंबते आणि हातांनी पाणी मागे लोटणं.

डिसेंबरात मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंगला गेलो, तेव्हा हीच सवय नडली. चेहऱ्यावर मास्क, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट, हातात गाइडची रिंग. दहा मिनिटांत मांड्या भरून आल्या, नळीत दोनदा पाणी शिरलं आणि पाय कशावर तरी आपटले. दगड वाटला, पण ते प्रवाळ होतं. खालून पांढुरका गढूळ लोट उठला. "पाय वर घ्या!" गाइड ओरडला. मी घेतच होतो, पण ते वर येत नव्हते. 1987 पासून इथलं पाणी सागरी अभयारण्यात येतं आणि प्रवाळाच्या कितीतरी जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. म्हणजे माझ्या एका लाथेत किती वर्षं गेली असतील! घरी येईपर्यंत ते मनातून गेलं नाही.

शेजारचा मुलगा शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकतो. त्याला सगळं सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "काका, तुम्ही पोहत नव्हतात, पाण्यात चालत होतात." आणि पुढच्या रविवारी मला आमच्याच विहिरीवर घेऊन गेला.

तिथे त्याने मला काहीच करू दिलं नाही. "नुसते पालथे पडा आणि तळ बघा." मी मान जरा उचलली की कंबर बुडायची आणि कंबरेमागोमाग पाय. "हवा छातीत आहे, वजन कमरेखाली," तो म्हणाला. "तराजू आहे हा. डोकं पाण्याच्या वर काढलं की तेवढा भार पाण्यावर राहत नाही, तुमच्यावर येतो. मान सोडा, काका." मान सोडणं म्हणजे काय, हे कळायला मला तासभर लागला. कान पाण्यात बुडले, मानेमागची शीर सैल झाली आणि टाचा आपोआप वर आल्या. हात डोक्यापुढे लांब केले की पाय आणखी हलके होत. विहिरीच्या गोड्या पाण्यात हे जमलं तर खारं पाणी अधिकच उचलून धरेल, हेही त्याने सांगून ठेवलं.

नळीत पाणी शिरायचं कारणही मानेतच होतं. समोर बघायला चेहरा वर केला की नळी मागे कलते आणि तिचं टोक पाण्याला टेकतं. हनुवटी छातीला लावून स्वतःचे पाय बघायला गेलं तर ते पुढच्या बाजूने बुडतं. नजर खाली आणि किंचित पुढे, एवढंच लागतं. श्वासाचंही तसंच. घाबरून भराभर श्वास घेतला की नळीतली वापरलेली हवाच आतबाहेर फिरत राहते आणि दम आणखी लागतो. सावकाश, पोटातून श्वास घ्यायचा आणि पाणी आलंच तर एकदम जोरात फुंकून बाहेर टाकायचं.

अमावास्येनंतरच्या एका सकाळी, ओहोटीला, आम्ही आरे-वारेकडच्या खडपांत गेलो. मोकळ्या समुद्रात नाही; तिथली ओढ माणसं नेते. खडपांच्या आत अडकलेल्या कमरेएवढ्या पाण्यात, तोही जवळ उभा असताना. तिथे त्याने माझ्या पायात फिन्स चढवून लाथ दुरुस्त केली. मी गुडघे पोटाशी घेऊन सायकल मारत होतो, फिन पाण्याबाहेर येऊन फटफट वाजत होता. "आवाज येतोय तोवर पुढे जाणं नाही. हवेला लाथ मारून काय मिळणार? मांडीपासून हलवा, घोटा ढिला ठेवा, फिन पाण्यातच राहू दे." हात त्याने मागे धरायला लावले. दहा-बारा लाथांनंतर आवाज थांबला आणि पाण्यातला दुसराच आवाज ऐकू येऊ लागला, पापड भाजताना येते तशी बारीक कडकड. छोट्या कोळंब्यांच्या नांग्यांचा तो आवाज, हे त्याने नंतर सांगितलं. कपारीला चिकटलेली कालवं हातभर खाली होती. आधीसारखा पोहलो असतो तर तिथेच गुडघे सोलून घेतले असते. बोयांची चिमुकली पिल्लं माझ्या सावलीत शिरली, थांबली.

फेब्रुवारीत अष्टमीच्या सुमारास, भांगाला पाण्याची ओढ कमी असते म्हणून, पुन्हा मालवण गाठलं. लाइफ जॅकेट अंगात होतंच, ते काढायचं नसतं. पट्टे घट्ट बांधले, म्हणजे ते मानेकडे सरकून छाती वर लोटत नाही. पाण्यात उतरलो, पालथा झालो, मान सोडली. गाइडने रिंग पुढे केली. मी तिच्याकडे हात न नेता बोटाने 'ठीक आहे' अशी खूण केली.

खाली तपकिरी प्रवाळाचा गड्डा होता, वर अंगठ्याएवढे काळ्या पट्ट्यांचे मासे. माझ्या फिनची सावली त्यावरून गेली. मासे जागचे हलले नाहीत आणि वाळूही उठली नाही.