सवलत आणि साहाय्य

वर्षाअखेरीस आमच्या विभागाकडे जो तक्ता भरायला येतो, त्यात 'दिव्यांग विद्यार्थ्यांना दिलेल्या सवलती' असा एक रकाना असतो. आम्ही मराठीचे अध्यापक. शब्दापाशी थबकण्याची आमची जुनी खोड. 'सवलत' म्हणजे काहीतरी माफ करणे, सैल सोडणे. 'साहाय्य' म्हणजे कुणीतरी सोबत येणे. तक्त्याला हे अंतर कळत नाही. विद्यार्थ्याला चांगलेच कळते.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे १७वे कलम वाचून पाहावे. पुरेसे प्रशिक्षित शिक्षक तयार करून नेमावेत असे त्यात आहे. परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट हेही आहे. कागदावर सारे एका पंक्तीला बसलेले आहेत. वाढताना मात्र पंक्तिप्रपंच होतो. जे एका सहीने देता येते ते आधी पानात पडते. ज्याला माणसाचे तास लागतात ते पानापर्यंत पोहोचतच नाही. त्यात भाषेतून सूट ही तर आम्हांला विशेष बोचणारी गोष्ट. काही मुलांना ती खरोखर हवी असते, याबद्दल वाद नाही. पण अक्षरे अडखळतात म्हणून ज्याला भाषेपासूनच दूर ठेवले, त्याला कथा आवडत होती का, हे विचारायचे राहून जाते.

शाळांसाठी निदान प्रमाण तरी ठरले आहे. २०२२मध्ये शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत दुरुस्ती झाली आणि पाचवीपर्यंत दर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे, सहावी ते आठवीपर्यंत दर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असा निकष आला. तो प्रत्यक्षात किती उतरला हा निराळा प्रश्न. आमच्या महाविद्यालयात असे पदच नाही. येथे साहाय्य म्हणजे लेखनिक, आणि लेखनिक म्हणजे परीक्षेचे तीन तास. वाढीव वेळ धरून चार. तोही कुणाला मिळावा हे बरीच वर्षे ४० टक्क्यांच्या रेषेवर ठरत असे. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या विकाश कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये ही रेष लेखनिकापुरती अमान्य केली. निर्णय मोलाचा आहे. पण तोही परीक्षेविषयीच. रसग्रहण लेखनिकाला सांगण्याआधी कविता कुणीतरी सोबत वाचलेली असावी लागते, त्याचे काय?

सध्या आमच्या वर्गात असे तीन विद्यार्थी आहेत, आणि आम्हा दोघांकडे मिळून आठवड्याचे चार मोकळे तास. तिघांत ते सारखे वाटावेत, असे कुणालाही प्रथम वाटेल. एक विद्यार्थी पूर्ण अंध आहे. त्याचा संगणक युनिकोडमधला मजकूर स्वच्छ वाचून दाखवतो. परंतु आमचे निम्मे संदर्भसाहित्य जुन्या टंकांत अडकलेले, नाहीतर झेरॉक्सवरून झेरॉक्स काढलेले. त्याला आमचा सहवास फारसा नको. मजकूर नीट टंकून हवा. ऐकू कमी येणारी विद्यार्थिनी टिपणे आगाऊ मिळाली की आपली आपण पुढे जाते, मात्र फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या अध्यापकावर तिचा राग असतो, आणि तो रास्त आहे. तिसरा अध्ययन-अक्षमतेचा. त्याच्या आकलनात खोट नाही, वाटेत जोडाक्षरे आडवी येतात. कादंबरीचे पान त्याच्या शेजारी बसून, त्याच्या गतीने वाचावे लागते. त्याला पर्याय नाही.

म्हणून चारांपैकी तीन तास आम्ही त्याला दिले. टंकनासाठी तृतीय वर्षाच्या दोन मुली पुढे आल्या. त्यांचे काम उरलेल्या तासात तपासले जाते, कारण ऱ्हस्वदीर्घ चुकले की संगणकही चुकीचेच वाचतो. टिपणांना निराळा तास नाही, ती रात्री घरी होतात. ही वाटणी न्याय्य आहे का? अंध विद्यार्थ्याने एकदा स्वच्छ विचारले, "सर, माझा तास त्याला का?" आम्ही कारण सांगितले. त्याला ते पटले, आवडले नाही. विद्यार्थ्यांनी एकमेकांचे तास मोजावेत अशी वेळ यावी, ही खरी टंचाई.

यंदाही तक्ता आला आहे. या तासांसाठी त्यात रकाना नाही. आम्ही ते समासात लिहून पाठवले.