हजेरीवरचा मुक्काम

आमच्या आष्टीत थायलंडचं नाव काढलं की समोरचा आधी हसतो. मी तिकडे भाषा शिकायला निघालोय असं सांगितल्यावर तर पारावर कोणाला हसू आवरेना. आईची काळजी वेगळी होती. म्यानमारमधल्या सायबर टोळ्यांच्या अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी थायलंडमार्गे परत आणलं, ती बातमी तिने टीव्हीवर पाहिली होती. त्यातले बरेच जण बँकॉकमधल्या नोकरीच्या आमिषाने गेले होते. "तुला बी कोणी फसवायलंय का, ते बघ आधी," एवढंच ती म्हणत राहिली.

माझं कारण पोटापाण्याचं होतं. मी छत्रपती संभाजीनगरला पर्यटकांची गाडी चालवतो. वेरूळ-अजिंठ्याला थायलंडहून बौद्ध यात्रेकरू येतात आणि दिवसभर गाडीत आम्ही एकमेकांकडे बघून नुसतं हसत असतो. जानेवारी २०२३ मध्ये शंभरावर थाई भिक्खू परभणीहून दादरच्या चैत्यभूमीपर्यंत पायी निघाले, तेव्हा मी परभणीला बघायला गेलो होतो. लोकांना त्यांच्याशी बोलायचं होतं. पण दुभाष्या जवळ नसला की हात जोडण्यापलीकडे काही होत नव्हतं. भाषा येणाऱ्या माणसाला इथे काम आहे, हे मला तिथेच दिसलं.

फिरायला जाणाऱ्या भारतीयांना तेव्हा व्हिसाशिवाय साठ दिवस मिळत. तेवढ्यात बाजारहाटापुरतं बोलता येईल, लेण्यांतलं काय सांगणार? जुलै २०२४ मध्ये थायलंडने पाच वर्षांचा एक नवा व्हिसा काढला. त्यात एका खेपेला १८० दिवस राहता येतं, थाई स्वयंपाक किंवा मुए थाई हे मुष्टियुद्ध शिकण्याचं कारणही चालतं. मात्र खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे आपले बारा लाखांच्या वर. तो रस्ता तिथेच बंद झाला. उरला विद्यार्थी व्हिसा. तिथल्या शिक्षण खात्याची मान्यता असलेल्या भाषाशाळेत प्रवेश घ्यायचा, फी भरायची, शाळेची पत्रं आली की अर्ज करायचा.

जानेवारी २०२५ पासून हा अर्ज ऑनलाइन झाला, त्यामुळे मुंबईची खेप वाचली. आष्टीतल्या ज्या केंद्रात पीक विम्याचे फॉर्म भरतात, तिथेच माझाही भरला. वडिलांनी सातबारा सोबत आणला होता. "जमीन हाय म्हणून लिव्ह की त्यात," असं त्यांनी ऑपरेटरला दोनदा सांगितलं. तसा रकाना नव्हता. बँकेचा उतारा मात्र हवा होता, आणि आमच्या खात्यात पैसा येतो तो कापूस-सोयाबीन विकल्यावर एकदम आणि जातोही तसाच.

तरी व्हिसा मिळाला आणि मी बँकॉकच्या भाषाशाळेत दाखल झालो. हा व्हिसा पहिल्यांदा नव्वद दिवसांचाच असतो. पुढे दर नव्वद दिवसांनी १,९०० बाट भरून मुदत वाढवून घ्यायची. बँकॉकमध्ये त्यासाठी चाएंग वत्तनाचं इमिग्रेशन ऑफिस आहे. शाळेचं पत्र लागतं, हजेरी बघतात, आणि खरी भीती असते ती खिडकीपलीकडच्या बाईंची. त्या थाईतच विचारतात: कुठे राहतोस, शाळेत कोण शिकवतं, हे वाच. वर्गातला एक जण फक्त राहण्यासाठी नाव घालून बसला होता. त्याला दोन ओळी वाचता आल्या नाहीत आणि तो गप्प गप्प परत आला. मला त्याची कीव आली, पण ऑफिसचं चुकलं असं काही वाटलं नाही. शाळेच्या नावावर मुक्काम करणाऱ्यांमुळेच खऱ्या विद्यार्थ्यालाही संशयाने बघतात.

शिकण्यात मला एक फायदा मिळाला, वर्गातल्या रशियन पोरांना तो नव्हता. थाई लिपीचं मूळ भारतीय. व्यंजनं ४४, पण क्रम आपल्याच वर्णमालेचा: आधी क-वर्ग, मग च-वर्ग. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आजोबांच्या मोडी कागदांसारखं सगळं सलग. मी अक्षरं भराभर उचलली आणि पाच सुरांवर येऊन आपटलो. अक्षर कोणत्या गटातलं, स्वर दीर्घ की ऱ्हस्व, वर खूण कोणती, यावरून सूर ठरतो. आमचा मराठवाडी हेल तिथे नडायचा. शिकवणाऱ्या बाई माझं वाक्य ऐकून आधी डोळे मिटायच्या.

मधेच बहिणीचं लग्न ठरलं. निघण्याआधी एक हजार बाट भरून परत येण्याचा परवाना काढावा लागला; तो न काढता देश सोडला की उरलेली मुदत रद्द. देवगिरी एक्सप्रेसने परतूरला उतरलो आणि मांडवात पाव्हण्यांनी घेरलंच.

दुसऱ्या दिवशी आष्टीतल्या त्याच केंद्रात कागद छापायला गेलो, तर रांगेतल्या एका पोराने विचारलं, "तिकडं महिन्याला किती सुटतात?" म्हटलं, या व्हिसावर काम करताच येत नाही, उलट आपणच फी भरायची. "मग कशाला जायचं?" म्हणत तो पुन्हा विम्याच्या रांगेत सरकला.