मागील शिल्लक

व्यापारी घरात नवी वही उघडली की पहिल्या ओळीत मागील शिल्लक ओढली जाते. ती ओढायची राहिली, तर गेल्या वर्षाचे कष्ट हिशेबातून पुसले जातात. सैन्यातून परतून अर्धवट राहिलेली पदवी पूर्ण करू पाहणाऱ्या माणसापुढेही हाच प्रश्न उभा असतो. त्याची मागील शिल्लक कोणते महाविद्यालय मान्य करील?

ठाणे-वाशी रेल्वेमार्गावर रबाळे आणि घणसोली या स्थानकांच्या दरम्यान तळवली हे गाव वसले आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त नाईक येथे भाड्याच्या घरात राहू लागले. लष्करात 17 वर्षे सेवा करून ते परतले, तेव्हा त्यांचे वय 36 होते. बारावीनंतर ते भरती झाले होते. सेवेत असतानाच त्यांनी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून बी.ए.ची दोन वर्षे पूर्ण केली. परंतु तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर बदली झाली आणि पुस्तके ट्रंकेत गेली. निवृत्तीनंतर त्यांना एका जैन व्यापाऱ्याच्या गोदामात मालाची आवक-जावक लिहिण्याचे काम मिळाले. पावत्या आणि जीएसटीची विवरणपत्रे हाताळता हाताळता त्या कामाची त्यांना गोडी लागली. पुढे स्वतःच व्यापाऱ्यांची विवरणपत्रे भरून देण्याचा व्यवसाय करावा, असे त्यांच्या मनाने घेतले.

येथेच खरा पेच पडला. जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून शैक्षणिक पात्रतेवर नोंदणी हवी असेल, तर वाणिज्य, कायदा, उच्च लेखापरीक्षणासह बँकिंग किंवा व्यवसाय प्रशासन यांतील पदवी लागते. साध्या बी.ए.ने भागत नाही. पंधरा वर्षे सेवा केलेल्या दहावी उत्तीर्ण माजी सैनिकास केंद्राच्या गट ‘क’मधील काही पदांसाठी पदवीधराच्या तोडीचे मानले जाते, हे खरे, पण ती नोकरीपुरती सवलत आहे, पदवी नव्हे. म्हणजे एका वर्षात हाती येणारी बी.ए. घ्यावी, की पुष्कळसे मागे टाकून बी.कॉम.कडे वळावे? मुलगी नववीत होती. निवृत्तिवेतन आणि पगार मिळून घर चालत होते, पण वर्षे मात्र उधार मिळत नव्हती.

त्यांनी चौकशी सुरू केली. एका नामांकित महाविद्यालयात त्यांचे गुणपत्रक न पाहताच प्रथम वर्षाचा अर्ज पुढे सरकवण्यात आला. ही हकीकत ऐकून शेठजी म्हणाले, “नाईकसाहेब, माल घेताना आपण पाटी बघतो की काटा? आधी त्यांना विचारा, तुमचे वजन ते किती धरतात.”

“शेठ, विचारायचे काय, तेच कळत नाही,” नाईक म्हणाले. त्या संध्याकाळी दोघांनी मिळून प्रश्नांची यादी केली.

या यादीला आधार देणारी व्यवस्था आज अस्तित्वात आहे. 2021 मध्ये सुरू झालेल्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याचे श्रेयांक त्याच्या नावे जमा राहतात. मात्र ही पेढी मागेल तितके देणारी नाही. 2021 च्या नियमावलीनुसार जमा श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतात, आणि पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात. शिवाय शाखा बदलली, तर भाषा वा पर्यावरण यांसारखे समान विषय जुळण्याची आशा असते. इतिहासाचे श्रेयांक लेखाशास्त्राच्या जागी बसत नाहीत. मुक्त विद्यापीठाची पदवी कमी प्रतीची, हा समजही निराधार आहे. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

नाईक वाशीच्या कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयातही चौकशीस गेले. सातारच्या माणसाला ते नाव घरचेच. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि शिकणाऱ्याने श्रम करून शिकावे, ही वाट घालून दिली. श्रम करीत शिकण्याची लाज नाईकांना कधीच वाटली नव्हती. परंतु दिवसाच्या वर्गांसाठी नोकरी सोडणे त्यांना परवडणारे नव्हते.

अखेर त्यांनी दूरस्थ बी.कॉम. निवडले. समान विषयांचे थोडे श्रेयांक धरले जातील, असे लेखी उत्तर हाती आल्यावरच त्यांनी शुल्क भरले. बाकीचे सोडून द्यावे लागले, याचे दुःख झालेच. पण कोणती रक्कम वसूल होईल आणि कोणती बुडीत खाती टाकावी, हे एकदा ठरले की पुढचा हिशेब स्वच्छ होतो. संपर्कसत्रांच्या दिवशी त्यांना सुट्टी देण्याचे शेठजींनी कबूल केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत 1944 च्या कायद्याच्या आधारे सुमारे 22 लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले. त्यांचे शुल्क सरकारने भरले आणि निर्वाहभत्ताही दिला. आपल्याकडे अग्निवीरांची पहिली तुकडी 2022 च्या अखेरीस प्रशिक्षणास रुजू झाली. त्या हिशेबाने तिची चार वर्षे 2026 च्या अखेरीस भरतात. योजनेनुसार त्यांतील 25 टक्क्यांपर्यंतच जवान कायम होतील. उरलेले तरुण सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवानिधी आणि थोडेफार शिक्षण घेऊन घरी येतील. त्यांच्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने आखलेल्या पदवीत निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणाचे धरले जातात. यांतील काहीजण आपल्या दुकानांत आणि गोदामांत कामाला येतील. त्यांना पगार तर आपण देऊच. त्याबरोबर एका संध्याकाळी त्यांची गुणपत्रके समोर घेऊन बसावे, कोणते काम करायचे आहे ते आधी विचारावे आणि मग महाविद्यालय शोधावे. हिशेब समजणाऱ्या समाजाने एवढे सहज करावे.