पगार झाला का?

मागच्या महिन्यात एका शनिवारी सकाळी नऊ वाजता फोन वाजला. नंबर +९७१ वाला, म्हणजे दुबई. (पेरोलचं काम करणाऱ्याला वीकेंड नसतो हे एव्हाना आमच्या घरच्यांनाही कळलंय.) म्हटलं क्लायंट असेल. तर नाही.

"सर, तुम्हीच ना ते पगाराचं कॉम्प्युटरवाले? एचआरच्या मॅडमनी नंबर दिला. पगार झालाय म्हणतात, पण घरी काय पोचला नाय. अकरा दिवस झाले."

गृहस्थ श्रीवर्धनकडचे. आवाजात राग नव्हता, उलट शनिवारी त्रास दिल्याचा संकोच होता.

आता थोडं मागे जातो. आमच्या एका क्लायंटची दुबई-शारजाला एसी आणि प्लंबिंगची कामं चालतात, ३४० माणसं आहेत. त्यांचा पगार थेट बँकेत जावा याचं सगळं सेटअप माझ्याकडे होतं. संयुक्त अरब अमिरातीत २००९ पासून वेज प्रोटेक्शन सिस्टीम आहे. खासगी कंपनीनं पगार रोखीत वाटायचा नाही, बँकेमार्फत द्यायचा आणि त्यासाठी एक ठराविक फाइल पाठवायची. फाइल तिथल्या सेंट्रल बँकेच्या यंत्रणेतून जाते आणि कामगार मंत्रालयाला कळतं की कोणाचा पगार झाला, कोणाचा राहिला. मुदतीत पगार झाला नाही तर कंपनीला नवीन वर्क परमिट मिळायचे थांबतात.

फाइल म्हणाल तर अगदी रुक्ष. एका माणसाला एक ओळ. त्याचा १४ आकडी नंबर, बँकेचा ९ आकडी कोड, २३ अक्षरांचा आयबॅन, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती दिवस, ठरलेला पगार, वरचे पैसे, रजेचे दिवस. शेवटी कंपनीची एक ओळ, तिच्यात सगळ्यांची बेरीज. संपलं.

ही फाइल मी एकदा घरी टेस्ट करत बसलो होतो तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. बाबा दहा वर्षं दुबईला पाइप फिटर होते. मी शाळेत असताना त्यांचा पगार कॅम्पवर पाकिटातून मिळायचा, रजिस्टरवर सही करून. मग शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, एक्स्चेंजसमोर रांग लावून ते ड्राफ्ट काढायचे. तो पोस्टाने लाईन आळीतल्या आमच्या घरी यायचा. मग आई मला घेऊन टपाल नाक्याच्या पुढे बँकेत. ड्राफ्ट वटेपर्यंत किराणावाल्याची वही चालू. पोस्टमन दोन घरं आधी वळला की आईचं तोंड उतरायचं, ते मला अजून आठवतं.

बाबांनी चष्मा लावून एक ओळ वाचली आणि विचारलं, "यात नाव कुठे आहे?"

नाव नसतंच. नंबर असतो.

"आणि ही सरकारकडे जाते?"

"हो. एखाद्या माणसाची ओळ आलीच नाही, तर तेही त्यांना समजतं."

बाबा काही बोलले नाहीत. २००८ च्या शेवटी दुबईतली बांधकामं धडाधड थांबली, त्यात त्यांची साइटही गेली. मार्च २००९ मध्ये ते परत आले तेव्हा दोन महिने वीस दिवसांचा पगार बाकी होता. महिना ११०० दिरहम, आणि दिरहम तेव्हा तेरा-चौदा रुपयांना होता. म्हणजे आमच्या घरासाठी भलतीच रक्कम. मागायला कागद नव्हता. सहीचं रजिस्टर कंपनीचं, आणि न मिळालेल्या पगाराची सही तर कुठेच नसते! त्याच वर्षी सप्टेंबरात ही सिस्टीम सुरू झाली. सहा महिने उशिरा. असो.

तर श्रीवर्धनकरांचा पगार. तिकडच्या खात्यात तो वेळेवर जमा झालेला होता. फाइल पास, मंत्रालय खूश. पण पुढे एक पायरी मीच वाढवून दिली होती. कामगारांनी रांग लावायला नको, म्हणून ज्यांनी सही करून दिली त्यांच्या पगारातली ठरलेली रक्कम एक्स्चेंजमार्फत थेट घरच्या खात्यात. बायकोच्या, आईच्या किंवा स्वतःच्या एनआरई खात्यात. त्याची यादी एचआर भरणार माझ्या एक्सेलच्या साच्यात. हा साचा करताना मी फार खूश होतो, बाबांना दाखवलाही होता.

आणि त्या साच्यात खाते नंबराचा कॉलम मी 'टेक्स्ट' न ठेवता 'नंबर' ठेवला.

इंजिनिअर मंडळींना एवढ्यावरच घाम फुटला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ आकडे खरे धरतं, सोळावा गुपचूप शून्य करून टाकतं. काही भारतीय बँकांचे खाते नंबर १६ आकडी आहेत. त्यांच्या घरच्या खात्याचा शेवटचा आकडा ७ होता, तो झाला ०. कामगारांच्या १४ आकडी नंबरातले सुरुवातीचे शून्यही एक्सेलनं खाल्ले होते, पण तिथे लांबी कमी भरली म्हणून माझा प्रोग्रॅम ओरडला आणि मी ते दुरुस्त केले, वर स्वतःची पाठही थोपटली. इथे लांबी बरोबर सोळा. कोण ओरडणार?

आयबॅन असता तर पकडलं गेलं असतं. त्यात दोन आकडे नुसते तपासणीसाठी असतात. अक्षरांचे आकडे करून सगळ्याला ९७ ने भागलं की बाकी १ उरली पाहिजे. एक आकडा जरी चुकला तरी उरत नाही. भारतात आयबॅन नाही. आपल्याकडे आयएफएससी बरोबर असला की पैसे निघतात, आणि २०१० पासून रिझर्व्ह बँकेनं बँकांना फक्त खाते नंबर बघून पैसे जमा करायची मुभा दिलेली आहे. नाव जुळलंच पाहिजे असं नाही. म्हणजे शेवटी ० असलेलं खातं खरंच कोणाचं असतं तर? त्या शनिवारी दुपारी मी जेवलो नाही एवढंच सांगतो.

१६ आकडी खाती शोधली. २३ निघाली. दोघांचा शेवटचा आकडा मुळातच शून्य होता म्हणून ते सुटले. राहिले एकवीस. सुदैवानं असली खाती अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे सगळे पैसे एक्स्चेंजकडे परत येऊन पडले होते. कॉलम 'टेक्स्ट' केला, प्रत्येकाच्या पासबुकाचा फोटो मागवला, आणि यापुढे नव्या खात्यावर पहिल्यांदा थोडेच पैसे पाठवायचे असं ठरवलं. मॅनेजरला मेल लिहिला की चूक माझी. मंगळवारी पैसे पुन्हा निघाले.

रात्री बाबांना सांगितलं. मला वाटलं एक्सेलला शिव्या घालतील. त्यांनी वेगळंच विचारलं.

"एकवीस जणांचे अडकले, आणि फोन एकट्यानंच केला?"

मी हा विचारच केला नव्हता. अकरा दिवस वीस जण गप्प! ज्यांना मी रांगेतून सोडवलं म्हणत होतो, त्यांच्या घरी अकरा दिवस वही चालू असणार.

"येईल म्हणून थांबतात," बाबा म्हणाले. "विचारलं की फोरमनच्या डोळ्यावर येतो माणूस. मी पण दोन महिने विचारलं नव्हतं."

हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. आजवर घरात गोष्ट अशी होती की कंपनीनं पैसे बुडवले. त्या दोन महिन्यांत ते आईला काय लिहीत होते, हे मी विचारलं नाही. आई आतच होती.

पुढच्या शनिवारी श्रीवर्धनकरांचा आधी मेसेज आला, बायकोच्या खात्यात जमा झाल्याचा. मग उरलेल्या वीस जणांचे नंबर एचआरकडून घेतले आणि एकेकाला फोन लावत बसलो. बरेचसे बिहार-यूपीचे, त्यामुळे माझं पनवेली हिंदी. "पैसा घर पे पहुँचा क्या?" एकानं आधी मीच फ्रॉड आहे असं समजून फोन कापला, बरोबरच आहे म्हणा. बाबा समोर यादी आणि पेन्सिल घेऊन बसले होते, एकेक पोचला की टिक करत.

अठरा टिका झाल्या. दोघांनी फोन उचलला नाही. मी परत लावायला गेलो तर बाबांनी थांबवलं. "आत्ता साइटवर असतील. तिकडच्या आठनंतर लाव. म्हणजे आपले साडेनऊ."