चित्रातले दोघे

हे छापचित्र म्हणजे बोलका कागद आहे. पण त्याचे अर्धेच बोलणे आपण ऐकत आलो.

बंगालमधल्या सेरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी हातात लेखणी घेऊन बसले आहेत. टक्कल, गळ्याशी पांढरा रुमाल, गडद कोट. शेजारी एक पंडित. अंगात अंगरखा नाही, नुसते वस्त्र घेतलेले. रॉबर्ट होम यांनी १८११-१२ च्या सुमारास मूळ तैलचित्र कलकत्त्यात रंगवले, आणि त्यावरून वर्दिंग्टन यांनी ते धातूच्या पत्र्यावर कोरले. भिंग धरून पाहा. कोटाचा काळा रंग म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची दाट जाळी. कपाळावर आल्यावर त्याच रेघा विरळ होतात आणि शेवटी कोरा कागदच उजेड होऊन बसतो. कोरणाऱ्याचा हात पंडितांच्या खांद्यापाशीही तितकाच सावकाश चालला आहे. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण पुढे तेवढी कदर या पंडितांच्या वाट्याला आली नाही.

चित्रातले पंडित म्हणजे मृत्युंजय विद्यालंकार, असे मानतात. फोर्ट विल्यम कॉलेजातले हे बंगालीचे मुख्य पंडित. कॅरी तिथे बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये सेरामपूरला छापले गेले, १८१० मध्ये मोडी खिळ्यांत कोशही निघाला. मराठी मुद्रणाच्या अगदी पहिल्या पुस्तकांतली ही पुस्तके. ११ मार्च १८१२ च्या आगीत सेरामपूरचा छापखाना जळाला, खिळे वितळले, हस्तलिखिते गेली. कॅरींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या माणसाच्या चिकाटीपुढे हात जोडावेत. पण इतक्या दूरची आपली भाषा त्यांना कलकत्त्यात बसून शिकवली कोणी? वैजनाथ शर्मा या मराठी पंडितांनी. ते तर या चित्रात नाहीतच.

आणि जे आहेत त्यांनाही पुढच्या छपाईत कात्री लागली. कॅरींच्या कितीतरी चरित्रांतून नुसते त्यांचेच मुख दिसते. लेखणी गेली, मेज गेले, पंडित गेले. चित्राचा जीव त्या दोघांच्या जवळिकीत होता. एकटे कॅरी म्हणजे ओळखपत्रावरचा फोटो.

मराठी मुद्रणाच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे : हे चित्र छापाल तेव्हा अख्खे छापा. खाली मृत्युंजय यांचे नाव घाला, आणि मजकुरात वैजनाथांना विसरू नका.