शिवेवरचे देव

बोईसरला नोकरीसाठी येणारा माणूस इथे देव शोधायला येत नाही. तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत येतो, अणुऊर्जा केंद्रात येतो, भाड्याने खोली घेतो आणि चार दिवस सुट्टी मिळाली की आपल्या गावच्या जत्रेला जातो. आमचंही तसंच होतं. यजमान कारखान्यात, मी शाळेत, आणि कुलदैवत पालचा खंडोबा. पौषात पालला जाऊन भंडारा उधळला की वर्षभराची निश्चिंती. राहतो त्या जमिनीचेही कुणी देव असतील, हा विचार कित्येक वर्षं मनात आला नाही.

या भागाचा इतिहास कुणाला विचारला तर किल्ल्यांची नावं येतात. माहीम, केळवे, तारापूर, अशेरी. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ते पोर्तुगीजांकडून घेतले, तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव पडले. पालघरजवळचं माहीम म्हणजे जुनी महिकावती. तिची बखर इतिहासकार राजवाड्यांनी १९२४ साली छापली. १९६९ साली तारापूरला अणुवीज सुरू झाली आणि २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. हे सगळं खरं आहे आणि मुलांना मी ते आवडीने शिकवते. पण ज्यांच्या गावात, ज्यांच्या रानात हे घडलं, त्यांचे देव या यादीत कुठेच नसतात.

ते मला आमच्या शाळेतल्या मावशींमुळे दिसले. मावशी वारली जमातीतल्या आहेत. दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या दिवशी त्या हमखास रजा घेतात. एका वर्षी मी कारण विचारलं. म्हणाल्या, "आमची वाघबारस असते, बाई. चला या वर्षी, बघा."

बोईसरहून चिल्हार फाट्याकडे निघालं की कारखान्यांचा पसारा हळूहळू मागे पडतो आणि दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागतात. त्या दिवसांत कापणी चालू असते. कुठे पेंढ्या बांधून ठेवलेल्या, कुठे खळं सारवायला घेतलेलं. रस्ता सोडून आम्ही पाड्यात गेलो आणि पाड्याच्याही पलीकडे, जिथे वस्ती संपून रान सुरू होतं तिथे, एका जुन्या झाडाखाली थांबलो. झाडाच्या बुंध्याशी लाकडाची एक फळी उभी रोवलेली होती, माझ्या कमरेएवढी. तिच्यावर वाघ कोरलेला, वर सूर्य आणि चंद्र, आणि सगळ्यावर शेंदराचे थरावर थर, इतके की वाघाचे पाय बोटाने चाचपून ओळखावे लागत होते. शेजारी तशाच दोन जुन्या फळ्या. एक निम्मी वाळवीने खाल्लेली, दुसरीचा फक्त बुडखा उरलेला. त्या कुणी उपटून टाकल्या नव्हत्या. नवा देव बसवला म्हणून जुन्याला उठवायचं नाही, अशी इथली रीत.

हा वाघदेव. कुणी वाघोबा म्हणतात. पाड्यातली गुरं राखणारी पोरं, म्हातारे, बाया जमल्या होत्या. नारळ फुटला, कोंबडं दिलं, ताडीचे थेंब जमिनीवर शिंपडले. मागणं सरळ होतं. गुरं तुझ्या रानात चरायला येतात, त्यांना सांभाळ, आम्हाला सांभाळ. आम्ही वर्षातून एकदा तुझा वाटा आणून देऊ. मी एका आजोबांना विचारलं की देवाला वर छप्पर का नाही. त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "वाघ घरात राहतो का, बाई?"

त्या उत्तराने माझ्या डोक्यातली देवळाची व्याख्या मोडली. गाभारा, कळस, सभामंडप असला तरच देऊळ, असं मी धरून चालले होते. इथे शीव हेच देऊळ होतं. वस्ती कुठे संपते आणि दुसऱ्याचं राज्य कुठे सुरू होतं ती जागा माणसांनी खूण करून ठेवली, आणि त्या खुणेपाशी वर्षातून एकदा दोन्ही बाजूंचा करार नवा करायचा. इथल्या रानातून पट्टेदार वाघ केव्हाच गेला. बिबट्या मात्र अजून आहे, आणि वाघदेव दोघांचाही आहे. २०२१ साली अभ्यासकांच्या एका गटाने मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या वाघोबाच्या स्थानांवर शोधनिबंध लिहिला. त्यांनी अशी सुमारे दीडशे ठाणी नोंदवली. बिबट्याच्या शेजारी माणसं कशी राहतात हे समजून घ्यायचं तर ही ठाणीही समजून घ्यावी लागतात, असं त्यांचं म्हणणं. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. त्यांना आकडा कमी वाटला.

त्यानंतर मी अशी ठिकाणं बघायला लागले, आणि बघायला लागलं की ती दिसतातच. पाड्याच्या तोंडाशी गावदेव. शेतात वीर, म्हणजे गेलेल्या माणसांच्या आठवणीचे कोरीव खांब. घरात शिरलं तर टोपलीत तांदळात ठेवलेले देव: हिरवा, त्याचं मोरपीस, नारणदेव, हिमाय. लग्नाच्या चौकात पालघट, आणि ते लग्न लावणारी धवलेरी ही बाई. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, वारली चित्रं जगभर गेली, चहाच्या कपांवर आणि साड्यांवर आली. पण त्या चित्रांच्या मध्यभागी जी पालघट बसलेली असते ती देवी आहे, तिच्याशिवाय लग्न लागत नाही, हे कप विकत घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

या देवांचा आणखी एक विशेष म्हणजे त्यांना विचारता येतं. घरात दुखणं आलं, गाय आटली, की भगताकडे जायचं. भगत तांदळाचे दाणे टाकून बघतो आणि कोणता देव रागावला, कुणाचं राहिलं, ते सांगतो. कोकणात देवाला कौल लावतात तेच हे. पाड्यावरची माणसं दुखणं वाढलं तर दवाखान्यातही जातात. दोन्हींत त्यांना भांडण दिसत नाही. मावशींच्या नातवाला ताप आला तेव्हा त्या आधी आरोग्य केंद्रात गेल्या आणि संध्याकाळी भगताकडे. नातू बरा झाला, दोघांचेही आभार मानले गेले.

किनाऱ्याकडचे देव वेगळे. केळव्याला सुरूच्या बनाजवळ शीतलादेवीचं देऊळ आहे, शेजारी रामकुंड. अहिल्याबाई होळकरांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला, असं तिथे सांगतात. वाडवळ, भंडारी, मांगेला, सगळ्यांची ती देवी. अंगावर देवी उठल्या की हिलाच साकडं घालायचं, थंड नैवेद्य दाखवायचा. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला आणि १९८० साली जग या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. रोग गेला, शीतलादेवी राहिली. मी गेले तेव्हा एक आजी तान्ह्या पणतीला देवीच्या पायांवर घालत होत्या. त्यांच्या स्वतःच्या गालांवर देवीचे व्रण होते. पणतीला सगळ्या लसी दिल्यात, हे त्यांनी मला न विचारता सांगितलं, आणि मग म्हणाल्या की पायांवर घालायचं ते घालायचंच.

आणि विवळवेढ्याची महालक्ष्मी. चारोटी नाक्याजवळ, अहमदाबाद महामार्गावर येणाऱ्या-जाणाऱ्याला देऊळ दिसतं. पण देवीचं मूळ ठाणं वर, मुसळ्या डोंगरावर. एक गरोदर बाई दर्शनाला चढत होती, तिला चढवेना, म्हणून देवीच पायथ्याशी उतरली, अशी कथा आहे. या कथेवर माझा फार जीव आहे. देव भक्ताची परीक्षा बघतो अशा गोष्टी आपण पुष्कळ ऐकलेल्या असतात. इथे बाईची अडचण बाईने ओळखली आणि जागा सोडली. चैत्र पौर्णिमेला जत्रा सुरू होते ती पंधरवडाभर चालते. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हारकडून आणि गुजरातेतूनही माणसं येतात. मध्यरात्री डोंगरावर ध्वज लावायचा मान वाघाडीच्या पुजाऱ्यांचा, ते आदिवासी. मी पायथ्याच्या गर्दीत उभी होते. अंधारात वरचं काहीच दिसत नव्हतं, तरी हजारो माणसं तिकडेच बघत होती, आणि ध्वज लागल्याची हाक आली तेव्हा माझ्या शेजारची बाई रडायला लागली. का, हे मी विचारलं नाही.

मुंबईला माझगावात एक चिनी देऊळ आहे, हे मला असे देव बघत फिरण्याच्या नादात कळलं. रविवारी डहाणूहून येणारी लोकल धरली, दादरला बदलून सँडहर्स्ट रोड आणि तिथून हार्बरचं पुढचं स्टेशन, डॉकयार्ड रोड. नवाब टँक रोडवर सी यिप कून हे देऊळ एका साध्या दुमजली इमारतीत आहे, पाटी वाचली नाही तर पुढे निघून जाल. १९१९ साली दक्षिण चीनमधल्या कँटनकडच्या खलाशांनी आणि गोदी कामगारांनी ते उभारलं. वरच्या मजल्यावर क्वान कुंग. हा मुळात माणूस, सेनापती, इसवी सन २२० मध्ये मारला गेला. शब्दाला जागला म्हणून लोकांनी त्याचा देव केला आणि मग ताओ पंथाने त्याला आपलंसं केलं. लाल भिंती, उदबत्त्यांचा धूर, सोनेरी चिनी अक्षरं. करुणेची देवी क्वान यिन हिचीही तिथे पूजा होते.

एका भांड्यात आकडे घातलेल्या काड्या होत्या. मनात प्रश्न धरून भांडं हलवायचं, जी काडी बाहेर पडेल तिच्या आकड्याचं उत्तर वाचायचं. मला भगताचे तांदूळ आठवले. चीनमध्ये वाडीवाडीला तूदी कुंग असतो, त्या एवढ्याशा जमिनीचा राखणदार, बरेचदा हातभर उंचीच्या घुमटीत बसलेला. आपला गावदेव तो हाच, फक्त दुसऱ्या भाषेतला. माझगावच्या चिनी वस्तीला १९६२च्या युद्धानंतर फार सोसावं लागलं, पुष्कळ घरं देश सोडून गेली. जे थोडे उरले त्यांनी देऊळ चालू ठेवलं आहे आणि त्यांच्या नववर्षाला तिथे दिवे लागतात. मुंबईबद्दल लिहिणारे, वारसा फेऱ्या काढणारे तिथे कौतुकाने जातात, फोटो काढतात. जावंच. मला एवढंच वाटलं की परदेशी देवाच्या शंभर वर्षांच्या जागेला आपण वारसा म्हणतो, आणि कुणालाही वय माहीत नसलेल्या आपल्या वाघदेवाच्या जागेला मोकळी जमीन म्हणतो.

हा नुसता भावनेचा प्रश्न राहिलेला नाही. पालघर जिल्ह्यातून आज मुंबई-वडोदरा महामार्ग जातो आहे, बुलेट ट्रेनचं एक स्थानक बोईसरला होतं आहे, वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. जमीन मोजणारा माणूस येतो तेव्हा त्याच्या कागदावर घर असतं, विहीर असते, झाडांची संख्या असते. शेंदूर लावलेल्या फळीसाठी रकाना नसतो. रस्ता रुंद करताना एका वळणावरचा वाघदेव उचलून बाजूला ठेवलेला मी पाहिला आहे. पाड्यातल्या लोकांनी नंतर त्याला रीतीप्रमाणे नवी जागा दिली, पण ती जागा आता शिवेवर नाही, पेट्रोल पंपाच्या कुंपणामागे आहे.

दुसरा धोका प्रेमाचा आहे. कुणी पुढारी, कुणी गावचाच कमावता मुलगा म्हणतो, देव उघड्यावर का? मग ओटा होतो, फरशी बसते, लोखंडी जाळी येते, वर पत्रा. लाकडी फळी जुनाट दिसते म्हणून संगमरवरी मूर्ती आणतात आणि तिला पोथीतलं नाव देतात. देणाऱ्याच्या मनात पाप नसतं, हे मी जाणते. पण ती फळी कोरणारा हात, ते झाड, त्या कुजत चाललेल्या जुन्या फळ्या, हे सगळं एका उन्हाळ्यात जातं, आणि वाघबारशीला तिथे कोंबडं द्यायला म्हाताऱ्यांना संकोच वाटू लागतो. माझं मत स्पष्ट आहे: देव ज्यांचा, त्याचं रूप त्यांनी ठरवावं, आणि देणगी देणाऱ्याने आधी पाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारावं.

आपल्या हातात काही आहे. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. आमच्या शाळेच्या सातवी-आठवीच्या मुलांनी सुट्टीत आपापल्या पाड्यातल्या देवांची वही केली: देवाचं नाव, जागा, झाड कोणतं, पूजा कधी, कोण करतं, कोणत्या आजोबांनी सांगितलं. तीत वीर आले, गावदेव आले, विहिरीवरच्या आसरा आल्या. एका पाड्याने ती यादी ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात घेतली. पालघर, बोईसर, डहाणू, विक्रमगडच्या शिक्षकांना आणि ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की अशी वही तुमच्या गावाचीही करा, आणि मोजणीवाला येण्याआधी करा.