जिभेवरची वीज आणि पायांतले बळ

जीभ म्हटले की आपल्याला चव आठवते, नाहीतर बोलणे. जुने वैद्य नाडी पाहून झाली की जीभ दाखवायला सांगत. याच जिभेवाटे मेंदूपर्यंत पोहोचून डळमळती चाल सावरता येईल का, या प्रश्नाचा काही संशोधकांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला आहे. आपल्या घरी पक्षाघातातून उठू पाहणारे कोणी असेल, तर ‘जिभेला वीज देऊन चालते करणारे यंत्र’ ही वार्ता आपल्याही कानी आली असेल. माझ्या यजमानांच्या आजारपणात ती आमच्याकडे परदेशातील पुतण्याच्या फोनवरून आली. तिच्यावर आशा किती ठेवावी, हे आपल्याशी बोलावेसे वाटते.

प्रथम, जीभच का? तळहाताच्या वा तळपायाच्या कातडीसारखा जाड, कोरडा थर जिभेवर नसतो. लाळेमुळे ती सदैव ओली असते, म्हणून अगदी सौम्य प्रवाहही तिला जाणवतो. शिवाय जिभेच्या पुढच्या भागातील संवेदना व चव वाहून नेणाऱ्या नसा थेट मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूच्या देठात, पोहोचतात. शरीराचा तोल सांभाळणारी केंद्रेही तिथे जवळच आहेत. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात या विचारातून ‘पॉन्स’ नावाचे उपकरण घडले. त्याची चपटी पट्टी जिभेवर ठेवतात, तिच्यावर १४३ सूक्ष्म विद्युतबिंदू असतात. सोडा प्यायल्यावर बुडबुडे जिभेवर फुटावेत, तशी चुणचुण होते. ती चालू असतानाच रुग्णाने तोलाचे आणि चालण्याचे व्यायाम करायचे असतात.

या संशोधनाच्या मुळाशी एका कुटुंबाची शुश्रूषा आहे, आणि ती मला यंत्राहून मोलाची वाटते. डॉ. पॉल बाख-इ-रिटा यांचे वडील पेद्रो हे प्राध्यापक होते. उतारवयात त्यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. वैद्यकीचे शिक्षण घेणारा धाकटा मुलगा जॉर्ज याने त्यांना लहान बाळासारखे आधी रांगायला लावले, दुबळा खांदा भिंतीला टेकवून. जमिनीवर गोट्या खेळवल्या, दुबळ्या हाताने भांडी घासून घेतली. महिन्यांमागून महिने गेले, आणि पेद्रो पुन्हा शिकवू लागले. पुढे १९६५ मध्ये डोंगर चढत असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात दिसले की मेंदूची ती मोठी इजा कधी भरलीच नव्हती. उरलेल्या मेंदूने नव्या वाटा शोधल्या होत्या. पॉल यांनी पुढचे आयुष्य याच अभ्यासाला वाहिले.

आता सावधपणे ऐकण्याची गोष्ट. मेंदूच्या दुखापतीनंतर तोल गेलेल्या रुग्णांवर या उपकरणाची चाचणी झाली, तेव्हा एका गटाला जलद स्पंदने दिली आणि दुसऱ्याला अगदी मंद. व्यायाम दोघांनाही होता. सुधारणा दोन्ही गटांत दिसली! कॅनडाने २०१८ मध्ये उपकरणाला मान्यता दिली, पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये या दुखापतीसाठी ती नाकारली, कारण गुण विजेचा की व्यायामाचा, हे वेगळे करून दाखवता आले नव्हते. मार्च २०२१ मध्ये तिथे मान्यता मिळाली ती मल्टिपल स्क्लेरोसिसच्या सौम्य ते मध्यम लक्षणांमुळे बिघडलेल्या चालीसाठी, आणि तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीने व देखरेखीखालील व्यायामाच्या जोडीनेच. पक्षाघाताचा त्या मान्यतेत समावेश नव्हता.

म्हणून आपल्याला कोणी असे यंत्र सुचवले, तर तीन प्रश्न अवश्य विचारा. हे आमच्या रुग्णाच्या नेमक्या आजारासाठी मान्य आहे का? सोबत कोणता व्यायाम, किती आठवडे? आणि पेसमेकर, फिटचा त्रास, तोंडातील जखमा वा जिभेचा बधिरपणा असल्यास काय? बाजारातील कोणतेही वीज देणारे साधन स्वतःच्या मनाने जिभेवर मात्र कधीही लावू नका.

आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी ती वार्ता शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, “काकू, आज काका खुर्चीतून किती वेळा उठले?” तेव्हापासून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी रोज तो आकडा लिहिते. ओट्याला धरून आडवी पावले, दाराच्या चौकटीशी उभे राहणे, एका हाताने शेंगा सोलणे, हे सारे दिसायला क्षुल्लक आहे आणि कंटाळवाणेही. काही दिवस आकडा घटतो, आणि आपलेच मन खचते.

अशा दिवशी यंत्राची आस लागणे स्वाभाविक आहे, त्यात गैर काही नाही. उद्या ते आपल्याही रुग्णासाठी सिद्ध झाले, तर आनंदाने स्वीकारू. पण तेव्हाही त्याच्या जोडीला हाच व्यायाम करावा लागणार आहे. म्हणून यंत्राची वाट पाहत आजचा व्यायाम पुढे ढकलू नका. आज संध्याकाळी आपल्या माणसाच्या दुबळ्या बाजूला उभ्या राहा, कमरेला आधार द्या, आणि एकदा अधिक उठवून पाहा.